विलीज जीप: व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लागोपाठ का तुटताहेत?

मळ्यातली_जीप

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९४४ची विलीज जीप आहे. आजोबांनी देवळालीला लष्कराच्या लिलावात घेतलेली. इंजिन तेच जुनं, साइड व्हॉल्व्हचं, २१९९ सीसी, चार सिलिंडर. वर्षभर नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यातल्या शेडमध्ये उभी असते. दसऱ्याला हार घालून बाहेर निघते, कधीमधी त्र्यंबकपर्यंत चक्कर होते.

दिवाळीनंतर पांडवलेणीच्या पुढे गाडी अचानक मिसिंग मारायला, म्हणजे एक सिलिंडर सोडून चालायला लागली. कशीबशी शहरात आणली. गॅरेजमध्ये इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग तुटलेली आणि दोन्ही तुकडे एकमेकांत पिळून बसलेले. मिस्त्री म्हणाले, एक गेली म्हणजे बाकीच्याही जाणार, आठच्या आठ बदला. मुंबईहून नवा सेट मागवला. बिनछापाची पुडी, माल मात्र एकदम चकचकीत. गाडी मस्त चालली, सोमेश्वरला जाऊन आलो, शेडमध्ये लावली.

पंधरवड्याने सुरू केली तर पुन्हा मिसिंग! या वेळी पहिल्या सिलिंडरची इनटेकची स्प्रिंग. नवीकोरी.

इंजिनातच काही दोष असेल का? व्हॉल्व्ह उचलणारा कॅम? त्या दोघांमधल्या टॅपेटचं सेटिंग? दोन्ही तुटक्या स्प्रिंगा माझ्याकडे आहेत. पहिली मिस्त्रींनी भंगारच्या डब्यात टाकली होती, ती उचलून आणली.

टिवल्याबावल्या

लिंबू-मिरची बांधून बघितली का?

येझदीप्रेमी

आमच्या येझदीला व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. टू स्ट्रोक घ्या, सुखी राहा.

भद्रकालीचा_भाचा

@येझदीप्रेमी, आणि तुमच्यामागे येणाऱ्याने धूर खात राहावं. चालू द्या.

गॅरेजमामा

मी चाळीसेक वर्षं याच धंद्यात आहे, आता मुलगा बघतो. सरळ सांगतो, बिनछापाच्या पुडीतला माल म्हणजे नशिबाचा खेळ. नवी तुटली त्यात नवल नाही. पण आधी एक बघा. विलीजच्या स्प्रिंगेला एका टोकाला वेटोळी दाट असतात. ते दाट टोक ब्लॉककडे, म्हणजे वर, यायला पाहिजे. पोरं घाईत उलटी बसवतात. दाट टोक हलत्या बाजूला आलं की व्हॉल्व्हबरोबर उगाच जास्त वजन नाचतं आणि वेग वाढला की स्प्रिंग थरथरते.

आणि एका गोष्टीत तुम्ही नशीबवान. साइड व्हॉल्व्ह आहे म्हणून वाचलात. व्हॉल्व्हचं डोकं वर, स्प्रिंग खाली. स्प्रिंग तुटली तरी व्हॉल्व्ह आपल्या वजनाने सीटवर येऊन बसतो, नीट मिटत नाही एवढंच. हेच फियाटमध्ये किंवा अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये झालं असतं आणि व्हॉल्व्हला स्प्रिंगेशी अडकवणारं कॉटर लॉक सुटलं असतं, तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये. पिस्टनला भोक, हेड भंगारात. मी पाहिलेत असे पिस्टन.

मळ्यातली_जीप

मामा, दिशा तपासली. सगळ्यांची दाट टोकं वरच आहेत.

त्र्यंबकनाका

ई२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉलवालं! सगळ्या जुन्या गाड्यांची वाट लावलीये त्याने. शेजाऱ्यांच्या फियाटचा पेट्रोलचा पाइप फुगून फुटला.

अंबडचा_अभियंता

@त्र्यंबकनाका, पाइप फुटला असेल, पटतं. जुनं रबर, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं यांना इथेनॉलचा त्रास होतोच. पण स्प्रिंग बसते टॅपेटच्या चेंबरमध्ये, तिथे पेट्रोलचा काय संबंध? प्रत्येक दुखण्याचं खापर ई२० वर फोडू नका, नाहीतर खरं कारण तसंच राहतं.

धागाकर्ते, व्हर्नियर कॅलिपर असेल तर तीन मापं घ्या: तारेची जाडी, मोकळी उंची, वेटोळ्यांची संख्या. जुन्या न तुटलेल्या स्प्रिंगांची आणि नव्यांचीही. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ मिलिमीटरच्या जागी ४.१ची तार वापरली तरी कडकपणा दहा टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॅम आणि टॅपेट मात्र रोज सोसतात. शिवाय जाड तारेची वेटोळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर एकमेकांना टेकत असतील, तर स्प्रिंग तुटणारच. पूर्ण उघड्या अवस्थेत वेटोळ्यांमध्ये सगळी मिळून मिलिमीटरभर तरी फट हवी.

देवळालीचा_दाजी

विषयांतर करतो, माफी असावी. तुमच्या आजोबांनी लिलावात जीप घेतली तशी त्या काळी बऱ्याच जणांनी घेतली. युद्ध संपल्यावर देवळालीला रांगेने उभ्या असायच्या, असं आमचे थोरले चुलते सांगायचे. पुढे महिंद्रांनी विलीजच्याच जीपा इथे जुळवायला घेतल्या आणि नंतर सातपूरला त्यांचा कारखाना आला. म्हणजे नाशिकमध्ये जीपचा मिस्त्री मिळू नये, हे काही खरं नाही.

भद्रकालीचा_भाचा

मिस्त्री मिळतात हो दाजी, धीर धरणारे मिळत नाहीत. सगळे म्हणतात, डिझेल इंजिन टाकून द्या.

देवळालीचा_दाजी

डिझेल टाका म्हणणाऱ्याला शेडच्या आतच घेऊ नका.

धातुकन्या

मी धातुशास्त्राची. तुटलेल्या भागांची तपासणी हेच माझं रोजचं काम, म्हणून हा धागा सोडवेना. मापं घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी तुटलेल्या टोकांना हात लावू नका. पुसू नका, ब्रश मारू नका आणि दोन तुकडे जुळवून तर अजिबात बघू नका, टोकं एकमेकांवर घासली की पुरावा गेला. पेट्रोलमध्ये हलकेच बुडवून तेल काढा, वाळवा आणि उन्हात भिंग लावून चारही टोकांचे फोटो टाका.

दोन प्रश्न. तुटलेली जागा वेटोळ्याच्या आतल्या अंगाने सुरू झालेली दिसते की बाहेरच्या? आणि दुसरी स्प्रिंग गाडी चालताना तुटली की उभी असताना?

टिवल्याबावल्या

उभ्या गाडीची स्प्रिंग कशी तुटेल ताई? कंटाळून?

मळ्यातली_जीप

फोटो टाकलेत.

पहिली (जुनी): आतल्या अंगाला एक छोटा काळपट खड्डा, त्याच्याभोवती गुळगुळीत भाग, त्यावर अर्धगोल रेषा. उरलेला भाग खडबडीत.
दुसरी (नवी): रेषा नाहीत, गुळगुळीत काही नाही. सगळं करडं, खडीसाखर फोडल्यासारखं दाणेदार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आता विचार केला तर जरा चक्रावलो. शेडमध्ये लावली तेव्हा गाडी चारही सिलिंडरवर सुरेख चालत होती. पंधरवड्याने पहिल्या सेल्फलाच मिसिंग. म्हणजे उभी असतानाच तुटली!

धातुकन्या

मग तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळी प्रकरणं आहेत. सगळे दोन्ही तुटण्यांना एकच कारण शोधताहेत, तिथेच घोळ होतोय.

आधी जुनी. स्प्रिंग दाबली की तार पिळली जाते, आणि वेटोळं वाकडं असल्यामुळे आतल्या अंगाला ताण जास्त येतो. नेहमीच्या मापांच्या स्प्रिंगेत सरळ तारेच्या हिशेबापेक्षा साधारण सव्वापट. तिथेच गंजाचा खड्डा असेल तर तडा तिथून सुरू होतो आणि दर दाबाला केसभर पुढे सरकतो. त्या अर्धगोल रेषा म्हणजे तडा कुठे कुठे थांबत पुढे गेला त्याच्या खुणा. उरलेली तार भार पेलेनाशी झाली की फटकन तुटते, तो खडबडीत भाग. हा शुद्ध थकवा. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर कॅम मिनिटाला १००० फेऱ्या फिरतो, म्हणजे तासाला ६० हजार दाब. १६७ तासांत एक कोटी. चांगल्या तारेची स्प्रिंग एक कोटी दाब पार करून गेली की सहसा पुढेही टिकते. नंतर तुटली तर मध्ये काहीतरी नवं घडलं असं समजायचं. इथे गंज घडला.

नवीबद्दल: ती चकचकीत कशामुळे होती? झिंक प्लेटिंग आहे का?

द्राक्षबागायतदार

गंजाबद्दल मला बोलू द्या. मखमलाबादचा मळा म्हणजे शेडमध्ये गंधकाच्या गोण्या असणारच, आमच्याकडेही असतात. फवारणीचा पंप, बोर्डोचं पिंप, सगळं तिथेच. आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचे टर्मिनल आणि पाने सगळे खाऊन टाकले त्या हवेने. जीप तिथून आधी हलवा.

मळ्यातली_जीप

गोण्या आहेत खऱ्या. जीपच्या मागेच. :(

अंबडचा_अभियंता

बंद झाकणाच्या आत गंधक कितीसं जाणार? माझा संशय दुसरीकडे आहे. तुम्ही महिन्यातून एकदा गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करता का? जुन्या गाडीचे मालक हे हमखास करतात आणि वर म्हणतात, इंजिनाची काळजी घेतो. इंजिन जळताना पाण्याची वाफ होते, पिस्टन रिंगांवरून थोडी खाली उतरते. इंजिन पुरतं तापलं तर ती उडून जाते. पाच मिनिटांत तापत नाही. मग ते पाणी आणि जळणातलं आम्ल तेलात आणि टॅपेटच्या चेंबरमध्ये बसून राहतं. नाशिकच्या थंडीत तर झाकणाच्या आतून थेंब धरतात. सुरू करायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका.

मळ्यातली_जीप

बाबा महिन्यातल्या एका रविवारी अगदी तेवढंच करतात. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, ‘त्या अभियंत्याला म्हणावं, गाडी तुझ्यापेक्षा मोठी आहे.’

अंबडचा_अभियंता

काकांना नमस्कार सांगा. मुद्दा मागे घेत नाही.

द्राक्षबागायतदार

मीपण घेत नाही. गोण्या हलवा.

विंटेजवेडा

सगळा धागा वाचला, फार छान चाललाय. स्प्रिंग हे पहिल्यापासून इंजिनाचं दुखणं आहे. अगदी सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हला कॅमच नसायचा. पिस्टन खाली जाताना जी ओढ तयार व्हायची तिनेच व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणून स्प्रिंग मुद्दाम लेचीपेची ठेवायचे. पुढे वेग वाढला तसं स्प्रिंगांचं मोडणं वाढलं. तारेचं पोलाद तेव्हा आजच्याइतकं शुद्ध नसे. नॉर्टन, व्हेलोसेटसारख्या मोटारसायकलींत आणि सुरुवातीच्या फेरारीतही गोल वेटोळ्यांऐवजी केसांच्या पिनेच्या आकाराच्या स्प्रिंगा दिसतात. मर्सिडीजने १९५४च्या शर्यतीच्या गाडीत स्प्रिंगच काढून टाकली, व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम आणि मिटायला दुसरा. डुकाटी ती पद्धत आजही वापरते. रेनॉने १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगेच्या जागी दाबाखालची हवा आणली.

आणि आपल्या राजेरजवाड्यांची आवडती बेल्जियमची मिनर्व्हा! तिच्यात चार्ल्स नाइट या अमेरिकन संशोधकाचं स्लीव्ह व्हॉल्व्हचं इंजिन. सिलिंडरमध्ये नळ्या वरखाली सरकतात, स्प्रिंग नाही की टकटक नाही. फक्त तेल पिते आणि धूर सोडते.

भद्रकालीचा_भाचा

म्हणजे मिनर्व्हा ही महाराजांची येझदी.

येझदीप्रेमी

पहिल्यांदाच या धाग्यावर कोणीतरी बरं बोललं.

गॅरेजमामा

धातुकन्याताई, तुमचं बोलणं ऐकून एक आठवलं. जुन्या वस्तू नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून काही लोक गंजलेल्या स्प्रिंगा अ‍ॅसिडात बुडवून काढतात, मग वरून झिंक मारतात. दुकानात चांगल्या दिसतात. अशा स्प्रिंगा मी बसवल्याबसवल्या तुटताना पाहिल्यात. आम्ही म्हणायचो, पोलाद हलकं आहे. दुसरं काही कारण असतं का?

धातुकन्या

मामा, तेच सांगणार होते. अ‍ॅसिडमध्ये बुडवताना आणि विजेवर झिंक चढवताना हायड्रोजन तयार होतो, त्यातला थोडा पोलादात शिरतो. मऊ लोखंडाचं त्याने फारसं बिघडत नाही. स्प्रिंगेचं पोलाद मात्र फार कडक. त्यात शिरलेला हायड्रोजन जास्त ताणाच्या जागी गोळा होतो आणि आतल्या कणांमधला बांधा सैल करतो. गंमत म्हणजे याला गाडी चालायची गरज नाही. नुसता सततचा ताण पुरे. काही तासांनी, काही आठवड्यांनी, उभ्या उभ्या तुटते. बसवलेली स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटलेला असतानाही थोडी दाबलेलीच असते. आणि चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबवा, एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहतो, म्हणजे त्याची स्प्रिंग आणखी दाबलेली. @टिवल्याबावल्या, कंटाळून नाही, दमून.

उपाय नाही असं नाही. प्लेटिंग झाल्यावर तीन-चार तासांच्या आत भट्टीत घालून १९०-२०० अंशांवर कित्येक तास भाजलं तर बहुतेक हायड्रोजन निघून जातो. उशीर केला तर आत पडलेला तडा भाजून सांधत नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगेवर झिंक मुळात चढवूच नये. तिला तेल मिळतं, तेवढं रक्षण पुरतं.

पण फोटोवरून मी शिक्कामोर्तब करणार नाही. दाणेदार दिसणं हा पुरावा नाही, संशय आहे. पक्कं सांगायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टोक बघावं लागेल.

मळ्यातली_जीप

एका स्प्रिंगेसाठी तेवढा खर्च घरात मंजूर होणार नाही. दुसरा काही मार्ग?

धातुकन्या

आहे, स्वस्तातला. उरलेल्या सात नव्या स्प्रिंगा इंजिनातून काढाच, त्या चालवायच्या नाहीत. त्यातल्या तीन-चार घ्या. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर, एक नट. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंग जेवढी दाबलेली असते तेवढ्या उंचीवर नट आवळून ठेवून द्या. हायड्रोजनच्या चाचणीत २०० तास भार ठेवायची पद्धत आहे, म्हणजे आठ-नऊ दिवस. सोबत जुन्यांपैकी एक धड स्प्रिंगही तशीच आवळा, तुलनेला. वरून पत्र्याचा डबा पालथा घाला, तुटली तर तुकडा उडतो. पोरांना लांब ठेवा.

गॅरेजमामा

आणि काढताना टॅपेट चेंबरच्या तळाला तेल परतायची भोकं असतात, त्यांत चिंधी कोंबा. कॉटर लॉक हातातून सुटलं की त्या भोकातून थेट ऑइल पॅनमध्ये. मग पॅन उतरवत बसा.

नवखा_फियाटवाला

मामा, माझी १९६८ची फियाट आहे, वरच्या व्हॉल्व्हची. हेड न उतरवता स्प्रिंग बदलता येते का?

गॅरेजमामा

येते. प्लग काढा. पिस्टन कॉम्प्रेशनला वर येण्याआधी थोडा खाली ठेवा, प्लगच्या भोकातून सुती दोरी हातभर-दोन हात आत सरकवा, टोक बाहेर राहू द्या. मग हँडलने इंजिन हलकेच फिरवून पिस्टन वर आणा. दोरी दाबली जाते आणि व्हॉल्व्हला खालून आधार देते. आता स्प्रिंग दाबून कॉटर काढा, व्हॉल्व्ह पडत नाही. नायलॉनची दोरी नको, धागे सुटणारी नको.

विंटेजवेडा

@नवखा_फियाटवाला, ५० वर्षं झाली म्हणजे २०२१च्या नियमाने तुमची गाडीही विंटेज म्हणून नोंदवता येईल. व्हीएच्या मालिकेतला नंबर मिळतो. पण मग रोजच्या वापराला काढता येत नाही, विचार करून नोंदवा.

नवखा_फियाटवाला

रोज द्वारका सर्कल ओलांडायचं असतं हो, ते कसं सोडू? नोंदवत नाही.

मळ्यातली_जीप

बातमी आहे.

तीन नव्या आणि एक जुनी, चार बोल्टांवर आवळून ओसरीत डब्याखाली ठेवल्या होत्या. परवा मध्यरात्री ठण्णकन आवाज झाला. बाबा काठी घेऊन उठले, वाटलं चोर. डबा उचलला तर नव्यातली एक तुटून पडलेली. टोक तसंच दाणेदार. दुसऱ्या नवीला भिंगाखाली आतल्या अंगाने बारीक तडा दिसतोय. तिसरी आणि जुनी धड आहेत.

अभियंता साहेब, मापंही घेतली. तारेची जाडी, उंची, वेटोळी सगळं जुन्याशी जुळतं. उघड्या अवस्थेतली फटही पुरेशी आहे. कॅम तपासला, बरा आहे.

अंबडचा_अभियंता

मग इंजिन निर्दोष. पण जुन्या सात परत बसवायच्या विचारात असाल तर थांबा.

गॅरेजमामा

का थांबायचं? काचेवर ओळीने उभ्या करा, वर पट्टी धरा, जी बुटकी झाली ती बाद. गुण्या लावून सरळ उभी राहते का बघा. मग ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून ठरलेल्या उंचीला दाबा आणि किती किलो दाखवतो ते लिहा. सगळ्या सारख्या आल्या तर बसवा. आम्ही पिढ्यानपिढ्या असंच केलंय.

धातुकन्या

मामा, ताकद मोजायला तुमची रीत उत्तम आहे, कारखान्यातही तत्त्व तेच. पण वजनकाट्याला गंजाचा खड्डा दिसत नाही. तिसऱ्या सिलिंडरची स्प्रिंगही तुटायच्या आदल्या दिवशी काट्यावर पास झाली असती. बाकीच्या सातही त्याच चेंबरमध्ये, त्याच ओलीत होत्या. भिंगाने प्रत्येकीचं आतलं अंग बघा. एक जरी खड्डा नखाला लागला तरी बाद.

मळ्यातली_जीप

पाहिलं. सातांपैकी चार बाद. डबा उचलायच्या रात्री धड राहिलेली जुनीही त्यातच आहे.

गॅरेजमामा

बरं. ताईंचं खरं. पण तीन राहिल्या ना, तेवढ्या सुट्या ठेवा, रस्त्यात कामी येतील.

धातुकन्या

एवढं चालेल. :) नवा सेट घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. तार कुठली, क्रोम-व्हॅनेडियम की क्रोम-सिलिकॉन? शॉट पीनिंग केलंय का? म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग आतून दाबात ठेवतात, त्याने तडा सुरू व्हायला अडतो. आणि वर प्लेटिंग आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो, चकाचक आहे’ आलं तर फोन ठेवा. काळ्या, तेलकट, मंद दिसणाऱ्या घ्या. आणि बसवताना पक्कडीने तार धरू नका, तेवढा ओरखडाही पुरतो.

मळ्यातली_जीप

काळ्या, तेलकट स्प्रिंगांचा सेट मिळाला, शॉट पीनिंग केलेला. मिस्त्रींनी बसवला, चिंधी कोंबून. काल पेठ रोडने लांबवर जाऊन आलो, इंजिन पुरतं तापवून. बाबांची रविवारची पाच मिनिटं आता अर्ध्या तासाची झालीत, त्यामुळे आईची कुरकुर वाढलीये. गोण्याही हलवल्या.

द्राक्षबागायतदार

गोण्यांबद्दल धन्यवाद. मुद्दा माझाच होता हे नोंदवून ठेवा.

अ‍ॅम्बीवाले_काका

उशिरा आलो. आमच्या अ‍ॅम्बॅसॅडरला वरच्या झाकणातून टकटक येते, तीपण स्प्रिंगच असेल का?

गॅरेजमामा

काका, मिसिंग आहे का? पिकअप पडलाय का? नसेल तर आधी फिलर गेजने टॅपेटची फट बघा, दहातले नऊ वेळा तेच निघतं. आणि वेगळा धागा काढा, इथे जीप उभी आहे.